पिकलबॉल शिकताना: नेटजवळचे सात फूट

पिकलबॉल, म्हणजे पॅडल नावाच्या सपाट बॅटने भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू नेटवरून मारायचा खेळ, पहिल्याच दिवशी खेळता येतो, आणि नवख्या माणसाची गडबड तिथेच होते. पॅडल हातात घेतल्यावर थोड्याच वेळात चेंडू इकडून तिकडे जायला लागतो. ज्यांनी गल्लीत क्रिकेट किंवा कॉलेजात बॅडमिंटन खेळलंय त्यांना वाटतं, हे तर आपल्याला येतंच. मग गेम लागतो. तिशीतली दोन तगडी पोरं जीव खाऊन चेंडू हाणत असतात आणि समोर साठी ओलांडलेल्या काकू आणि त्यांचे यजमान नेटपाशी उभं राहून, फारसं न पळता, आरामात गेम काढतात. पोरांचं काय चुकलं ते त्यांना कळतच नाही, कारण त्यांचे निम्मे फटके खरोखरच चांगले असतात.

काकूंकडे जादू वगैरे काही नाही. या खेळाचे नियमच असे बांधलेत की ताकदीचा फायदा कमी व्हावा आणि संयमाचा वाढावा. हे सगळं नेटच्या दोन्ही बाजूंच्या सात-सात फुटांत घडतं. ते सात फूट समजले की बाकीचा खेळ आपोआप उलगडत जातो.

आधी कोर्ट. पिकलबॉलचं कोर्ट 44 फूट लांब आणि 20 फूट रुंद असतं, म्हणजे बॅडमिंटनच्या डबल्स कोर्टाएवढंच. हा योगायोग नाही. 1965 च्या उन्हाळ्यात अमेरिकेत सिॲटलजवळच्या बेनब्रिज बेटावर जोएल प्रिचर्ड, बिल बेल आणि बार्नी मॅकॅलम या तिघांनी घरच्या कंटाळलेल्या मंडळींसाठी हा खेळ जुळवला, तो जुन्या बॅडमिंटन कोर्टवरच. रॅकेट सापडेनात म्हणून टेबल टेनिसच्या बॅट घेतल्या, फुलाऐवजी भोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेतला आणि चेंडू टप्पा घेतोय हे पाहून नेट खाली आणलं. लहानथोर सगळ्यांना एकत्र खेळता यावं हा मूळ हेतू होता आणि आजही नियम वाचताना तो जाणवतो. भारतात सुनील वालावलकरांच्या खटपटीतून 2008 मध्ये ऑल इंडिया पिकलबॉल असोसिएशन उभी राहिली, आणि गेल्या काही वर्षांत हा खेळ मोठ्या शहरांतून आपल्याकडे सरकला.

आपल्याकडे म्हणजे सांगलीत बॅडमिंटनला परकं कुणी मानत नाही. नंदू नाटेकर 1933 मध्ये इथेच जन्मले. 1956 साली परदेशातली स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय बॅडमिंटनपटू, आणि 1961 चा पहिला अर्जुन पुरस्कार मिळालेल्यांपैकी एक. त्यांचं नाव आजही ताकदीपेक्षा फटक्यांच्या नजाकतीसाठी घेतलं जातं. त्यामुळे शाळेच्या हॉलमध्ये, सोसायटीच्या मोकळ्या जागेत, कुणाच्या बंगल्याच्या अंगणात आखलेलं बॅडमिंटनचं कोर्ट सापडणं सांगली-मिरजेत अवघड नाही. आणि ते असेल तर पिकलबॉल सुरू करायला वेगळं कोर्ट बांधायची गरजच नाही.

बदल एवढाच करायचा. बाहेरच्या रेषा आहेत तशा ठेवा. एकेरी असो वा दुहेरी, पिकलबॉलला पूर्ण 20 फुटांची रुंदी लागते, म्हणून बॅडमिंटनच्या एकेरीची आतली रेष विसरून जा. नेट खाली आणा: दोन्ही टोकांना 36 इंच आणि मधोमध 34 इंच. बॅडमिंटनचं नेट पाच फुटांवर असतं, तेव्हा खांबाला खालच्या उंचीवर दोरी घट्ट बांधून ते उतरवता येतं. खालची कड जमिनीवर लोळत असेल तर दुमडून बांधा. आता टेप घ्या. नेटपासून सात फुटांवर दोन्ही बाजूंना एक-एक आडवी रेष हवी. बॅडमिंटनची शॉर्ट सर्व्हिसची रेष साडेसहा फुटांवर असते, म्हणजे त्या रेषेच्या मागे बरोब्बर सहा इंचांवर खडूने किंवा चिकटपट्टीने रेघ मारली की काम झालं. मधली उभी रेष तीच चालते. नेट आणि या नव्या रेषेमधल्या पट्ट्याला जगभर किचन म्हणतात, नियमांच्या भाषेत नॉन-व्हॉली झोन (व्हॉली म्हणजे टप्पा न पडू देता हवेतच मारलेला फटका).

जमीन मात्र पक्की हवी. काँक्रीट, डांबरी, कोर्टासाठी रंगवलेला पृष्ठभाग किंवा हॉलची फरशी चालते. हा चेंडू मुळातच कमी उसळतो. साडेसहा फुटांवरून सोडला तर अडीच-पावणेतीन फूट वर येतो. मातीच्या मैदानात तो जागीच बसतो. बॉक्स क्रिकेटच्या हिरव्या टर्फवरही तेच होतं, तेव्हा टर्फ रिकामं दिसलं म्हणून तासाचे पैसे भरून बसू नका.

सामानात फार गुंतू नका. पॅडलच्या आत षटकोनी कप्प्यांची प्लॅस्टिकची जाळी असते आणि वर फायबरग्लास किंवा कार्बनचा थर. नवख्याने दोन गोष्टी बघाव्यात. एक, जाडी: 13 मिलिमीटर आणि 16 मिलिमीटर अशी दोन मापं बाजारात जास्त दिसतात, त्यातलं 16 घ्या, कारण जाड पॅडलवरून चेंडू कमी उडतो आणि हातात राहतो. दुसरं, वजन: बहुतेक पॅडल 210 ते 240 ग्रॅमच्या आसपास असतात. बॅडमिंटनची रॅकेट शंभर ग्रॅमच्याही खाली असते, त्यामुळे तिकडून येणाऱ्यांनी पॅडल पहिल्या दिवसापासून मनगटाने फिरवलं तर कोपर दुखायला लागतं. खांद्यातून, छोट्या हालचालीने मारायचं. चेंडू दोन तऱ्हेचे असतात. उघड्यावर खेळायला 40 बारीक भोकांचा कडक चेंडू, हॉलमध्ये 26 मोठ्या भोकांचा मऊ. आपल्याकडे संध्याकाळी वारं सुटलं की हॉलचा चेंडू भरकटतो, म्हणून दोन्ही जवळ ठेवा.

बुटांवर मात्र कंजुषी करू नका. सकाळी आमराईत फिरायला घालतो ते धावण्याचे बूट या खेळाला धोक्याचे आहेत. त्यांचा तळ जाड आणि उंच असतो, तो सरळ पुढे जाण्यासाठी बनवलेला असतो. आडवं पाऊल टाकलं की घोटा वळतो. हॉलमध्ये बॅडमिंटनचे नॉन-मार्किंग बूट आणि काँक्रीटवर टेनिसचे किंवा कोर्टचे बूट, हाच नियम ठेवा.

आता खेळ. सर्व्हिस कमरेखालून, हात खालून वर नेत, तिरक्या समोरच्या चौकोनात करायची. संधी एकच मिळते. नेटला चाटून चेंडू योग्य चौकोनात पडला तर खेळ तसाच पुढे चालू राहतो, पुन्हा सर्व्हिस नाही. चेंडू किचनच्या पलीकडे पडला पाहिजे आणि किचनच्या रेषेवर पडला तरी ती सर्व्हिस चुकलेली धरतात. बाकीच्या रेषांवर पडला तर आत. हात बसेपर्यंत चेंडू हातातून नुसता सोडून, त्याला टप्पा घेऊ देऊन मारायची सर्व्हिस करा. ती नियमात बसते, आणि त्यात कंबर-मनगटाच्या उंचीची भानगडच राहत नाही. फक्त चेंडू खाली आपटायचा किंवा वर फेकायचा नाही, सोडायचा.

सर्व्हिसनंतर येतो दोन टप्प्यांचा नियम. समोरच्याने सर्व्हिसचा चेंडू एक टप्पा पडल्यावरच मारायचा. त्याने परत पाठवलेला चेंडू सर्व्हिस करणाऱ्या जोडीनेही एक टप्पा पडू द्यायचा. त्यानंतर हवं तर टप्पा न पडू देता मारता येतं. वाचायला किरकोळ वाटतो, पण सगळी लढाई इथून सुरू होते. सर्व्हिस करणाऱ्या दोघांना टप्प्याची वाट बघत मागच्या रेषेपाशी थांबावं लागतं. समोरचा मात्र चेंडू परत पाठवून सरळ नेटकडे चालायला लागतो. म्हणजे सर्व्हिस ज्याच्याकडे तो मागे अडकलेला, आणि समोरची जोडी मोक्याच्या जागी उभी. टेनिसमध्ये सर्व्हिस हे हत्यार असतं. इथे सर्व्हिस करणाऱ्यालाच आधी आपली बाजू सावरावी लागते.

मोक्याची जागा म्हणजे किचनची रेष. तिच्या आत उभं राहून, किंवा तिला नुसता अंगठा लागलेला असताना, चेंडू हवेतल्या हवेत मारता येत नाही. टप्पा पडलेला चेंडू मारायला आत केव्हाही जा, नुसतं आत उभं राहायलाही कुणी अडवत नाही. पण पुन्हा हवेतला चेंडू मारण्याआधी दोन्ही पाय बाहेर येऊन टेकले पाहिजेत. हा नियम नसता तर उंच माणूस नेटला चिकटून उभा राहिला असता आणि येईल तो चेंडू खाली आपटत सुटला असता. सात फूट मागे उभं राहिल्यावर 34 इंचांच्या नेटवरून खाली पडणारा चेंडू तसा आपटताच येत नाही. तो खालून वर उचलावा लागतो. काकूंना आणि तगड्या पोरांना एका पातळीवर आणतो तो हाच नियम.

नवख्यांचे सगळ्यात जास्त गुण जातात ते याच नियमाच्या एका कोपऱ्यात. समजा काका रेषेमागे नीट उभे आहेत. चेंडू खांद्याएवढा वर आला, काकांनी तो जोरात खाली मारला, समोरच्यांना तो मिळालाही नाही. सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात असताना फटक्याच्या झोकात काकांचा डावा पाय पुढे आला आणि बुटाचं टोक रेषेवर टेकलं. "काय ओ काका, रेषेवर पाय आला की!" गुण गेला. चेंडू आधीच मेला होता, तरीही. फटक्याचा झोक संपेपर्यंत तुम्ही आत जाता कामा नये; डोक्यावरची टोपी त्या झोकात आत पडली तरी फॉल्ट धरतात. म्हणून हवेतला चेंडू मारताना रेषेपासून वीतभर मागे उभं राहायची सवय लावून घ्या.

गुण मोजणं ऐकायला विचित्र वाटतं, पण एकदा हाताने करून पाहिलं की बसतं. गेम 11 चा, दोन गुणांच्या फरकाने जिंकायचा. सर्व्हिस ज्यांची, गुण त्यांनाच मिळतो. दुहेरीत सर्व्हिसच्या आधी तीन आकडे मोठ्याने म्हणायचे: आपले गुण, त्यांचे गुण, आणि सर्व्हिस करणारा आपल्या जोडीतला या पाळीचा पहिला की दुसरा.

समजा तुम्ही आणि वहिनी एकीकडे, समोर काका आणि त्यांचा नातू. सुरुवातीची सर्व्हिस तुमची, उजव्या चौकोनातून. तुम्ही म्हणता, "शून्य-शून्य-दोन." सुरुवातीलाच दोन, कारण पहिल्या जोडीला पहिल्या पाळीत सर्व्हिस करणारा एकच देतात, म्हणजे आधी सुरुवात करणाऱ्याला जास्तीचा फायदा नको. तुम्ही रॅली जिंकलात. आता एक-शून्य-दोन, तुम्ही आणि वहिनी जागा बदलता आणि तुम्हीच डावीकडून सर्व्हिस करता. समोरचे जागा बदलत नाहीत. ही रॅली तुम्ही हरलात, तर सर्व्हिस तिकडे गेली. उजव्या चौकोनात उभे असलेले काका म्हणतात, "शून्य-एक-एक." काका जिंकले की "एक-एक-एक", नातवाशी जागा बदलून डावीकडून पुन्हा सर्व्हिस. काका हरले तर सर्व्हिस नातवाकडे: "एक-एक-दोन", तो उभा आहे तिथूनच. नातूही हरला की सर्व्हिस परत तुमच्याकडे, आणि ती करायची उजवीकडे जी व्यक्ती आहे तिने, म्हणजे आता वहिनींनी. पहिला आणि दुसरा हे क्रमांक माणसाला कायमचे चिकटलेले नाहीत. प्रत्येक पाळीत उजवीकडचा तो पहिला.

गोंधळ झाला तर एक खूण आहे. गेमची सुरुवात ज्याने उजवीकडून केली, तो आपल्या जोडीचे गुण सम असताना उजवीकडेच असला पाहिजे, विषम असताना डावीकडे. नव्या मंडळींनी त्या खेळाडूच्या मनगटाला रबर बांधावं. मोठ्या स्पर्धांतही अशी खूण वापरतात.

खेळायचं कसं याच्या पोटात शिरलं की खरी मजा सुरू होते. तुम्ही सर्व्हिस घेणारे असाल तर काम सोपं आहे: चेंडू उंच आणि लांब, समोरच्याच्या मागच्या रेषेजवळ पाठवा आणि लगेच किचनच्या रेषेकडे चालायला लागा. फटका देखणा नसला तरी चालेल, लांब हवा. सर्व्हिस करणाऱ्यांचं काम अवघड. त्यांच्याकडे येणारा चेंडू हा रॅलीतला तिसरा फटका, आणि नवखा माणूस तो सगळी ताकद लावून मारतो. नेटपाशी उभ्या असलेल्या दोघांना नेमकं तेच हवं असतं. जोराने आलेला चेंडू ते नुसतं पॅडल आडवं धरून तुमच्या पायाशी टाकतात. पोरं हरत होती ती इथे. तिसरा फटका हळू, कमानीसारखा, नेटवरून जेमतेम जाऊन किचनमध्ये पडेल असा टाकायला शिका. त्यावर समोरच्याला खालून उचलूनच मारावं लागतं, आणि तेवढ्या वेळात तुम्हाला पुढे यायला फुरसत मिळते. हा फटका बसायला महिनोन्‌महिने जातात. सुरुवातीला तो नेटमध्ये जाईल, जाऊ दे.

चौघंही रेषेवर आले की सुरू होतो डिंक. चेंडू एका किचनमधून दुसऱ्या किचनमध्ये, नेटला घासून जाईल इतका खाली आणि इतका हळू की समोरच्याला त्यावर चढता येऊ नये. हात कॅरममध्ये राणी काठाकाठाने भोकापाशी नेताना असतो तितका हलका हवा. पॅडलची मूठ सैल धरा, गुडघे वाका, पॅडल छातीपुढे ठेवा, आणि मागे न नेता नुसतं पुढे ढकला. शक्यतो तिरकं टाका: तिरक्या वाटेवर कोर्ट लांब मिळतं आणि नेट मधोमध दोन इंच खाली असतं, म्हणजे चुकायला जास्त जागा. मग वाट बघा. कुणाचा तरी चेंडू कधीतरी वीतभर जास्त उंच येतो. मारायचा तो तेव्हाच, आणि तोही समोरच्या दोघांच्या मधल्या फटीत किंवा पायाशी.

मला स्वतःला या खेळात सगळ्यात भावतं ते हेच. दहा-बारा हलके चेंडू सोडून तेरावा मारण्याची शिस्त आठवीतल्या पोरीलाही जमते आणि निवृत्त मास्तरांनाही, आणि दोघं एकाच बाजूने खेळू शकतात. घरातल्या बायकांना "तुम्ही बसा, आम्ही खेळतो" म्हणायचं कारण या खेळात उरलेलं नाही. कोर्टवर त्यांची जागा आधी धरा.

शरीराबद्दल थोडं नीट ऐका, विशेषतः पन्नाशीपुढच्यांनी. खेळ सौम्य दिसतो म्हणून लोक गाडी लावून सरळ कोर्टवर उतरतात. पोटऱ्या आणि टाचेमागची शीर आधी गरम करा, पाच-दहा मिनिटं चाला, आडवी पावलं टाका. डोक्यावरून चेंडू गेला की तोंड नेटकडे ठेवून उलटं मागे पळू नका. माणूस पाठीवर पडतो, हात मागे टेकतो आणि मनगट मोडतं. अंग वळवून, चेंडूच्या दिशेला तोंड करून पळा. नाहीतर तो गुण सोडून द्या. रेषेवरच्या जवळच्या मारामारीत चेंडू डोळ्याला लागू शकतो, तेव्हा संरक्षक चष्मा घ्या. बीपी, शुगर किंवा हृदयाचं दुखणं असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. मार्च ते मे आपल्याकडे सकाळी आठनंतर काँक्रीट तापतं. कोवळ्या उन्हात किंवा दिवे लावून रात्री खेळा. पाऊस पडून गेल्यावर रंगवलेलं कोर्ट कोरडं दिसलं तरी हाताने पुसून बघा, त्यावरून पाय सटकतो.

सोसायटीत खेळणाऱ्यांसाठी आणखी एक. कडक पॅडलवर प्लॅस्टिकचा चेंडू आदळल्याचा टक्‌टक् आवाज लांबपर्यंत जातो. पहाटे साडेपाचला सुरुवात केलीत तर आठवड्याभरात तक्रार येणारच. वेळ आधी सगळ्यांशी बोलून ठरवा, जमल्यास भिंतीलगतच्या घरांपासून दूरची जागा घ्या.

पंच नसताना रेषेचा निर्णय कुणाचा? चेंडू ज्यांच्या बाजूला पडला त्यांचा. तो बाहेर पडल्याचं तुम्हाला स्पष्ट दिसलं नसेल तर तो आतच. शंकेचा फायदा समोरच्याला द्यायचा. हे रीतभात म्हणून नाही, नियमातच आहे.

जोडीदार मिळेपर्यंत एकट्याने करायचा सराव: कंपाउंडच्या भिंतीवर जमिनीपासून 34 इंचांवर खडूने आडवी रेघ मारा आणि भिंतीपासून सात फुटांवर उभं राहा. चेंडू रेघेच्या जरासा वर लागेल, परत येताना एक टप्पा घेईल आणि तुम्ही तो पुन्हा तितकाच हळू पाठवाल, असं सलग वीस वेळा जमेपर्यंत करा. आधी फोरहँडने, मग बॅकहँडने. वीस सहज व्हायला लागले की चौदा-पंधरा फूट मागे जा आणि तिथून तीच रेघ जेमतेम ओलांडणारी हळू कमान टाका. तिसऱ्या फटक्याचा हात तिथे तयार होतो.